मिनिटं मिनिटांच्या जागी छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

८ जुलैच्या आपल्या अंकातलं क्रीडापान मी कापून डायरीत ठेवलं आहे. वरचं अर्धं पान हरारेतल्या विजयाला आणि अभिषेक शर्माच्या शतकाला. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, पोरगं खेळलंच तसं. त्याखाली युरो फुटबॉल, मग विम्बल्डन. आणि अगदी तळाशी, उजव्या कोपऱ्यात, टायरच्या जाहिरातीला चिकटून तीन ओळी : अविनाश साबळेने पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये स्वतःचाच राष्ट्रीय विक्रम मोडला, ‘वेळ ८.०९.९१ सेकंद’, ‘ऑलिम्पिक पदकाच्या आशा पल्लवित’.

संपादक महोदय, साबळेची शर्यत स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची. तीन हजार मीटर, वाटेत अठ्ठावीस अडथळे, सात वेळा पाण्यावरून उडी, आणि हे सगळं आठ सेकंदांत? हा वेग आवाजापेक्षाही जास्त झाला. साबळे मांडव्याचा आहे आणि आम्हा नगरकरांना त्याचा फार अभिमान आहे, पण एवढा नाही. आठ मिनिटं, नऊ पूर्णांक एक्क्याण्णव शतांश सेकंद, अशी ती वेळ आहे.

छपाईची चूक कोणाच्याही हातून होते. मी चौतीस वर्षं शाळेत क्रीडाशिक्षक होतो, निकालपत्रकात उंच उडीच्या रकान्यात गोळाफेकीचे आकडे मीही भरले आहेत. त्यामुळे तेवढ्यासाठी पत्र लिहीत नाही. लिहितोय ते तिसऱ्या ओळीमुळे. त्या ‘पल्लवित’ शब्दाने आमच्या कट्ट्यावर दोन आठवडे जो गदारोळ घातला आहे, त्याची थोडी जबाबदारी आपणही घ्यावी, असं वाटतं.

आमचा कट्टा म्हणजे वाडिया पार्कच्या बाहेरची चहाची टपरी. सकाळी सहाला फेऱ्या मारायच्या आणि सातला इथे येऊन मारलेल्या फेऱ्यांवर पाणी फिरवायचं, साखरेचा चहा आणि खारीने. पाच-सहा जण ठरलेले. एक सहकारी बँकेतून निवृत्त झालेले कॅशिअरसाहेब. एक सुभेदार, तेही निवृत्त. एक जण कड्याहून अधूनमधून आष्टीच्या रेल्वेने येतात, त्यांना आम्ही ‘साबळेंचे व्याही’ म्हणतो. नातं काडीचं नाही, पण बोलतात असं की जणू कालच मांडव्याला जेवून आले. आष्टी तालुका जिल्ह्याने बीडचा, पण बाजाराला, दवाखान्याला आणि लग्नाच्या बस्त्याला नगरचा. म्हणून आम्हीही साबळेला आमचाच म्हणतो आणि बीडच्या पाहुण्यांशी त्यावरून भांडतो. शिवाय एक कॉलेजची मुलगी येते, स्वतः स्टीपलचेस धावते. ती फारसं बोलत नाही, स्पाइक्सची पिशवी मांडीवर घेऊन ऐकत बसते.

८ तारखेला कॅशिअरसाहेब आले ते कागद घेऊनच. नोटा मोजायच्या सवयीचा माणूस. एका बाजूला टोकियो ऑलिम्पिकच्या वेळा : सुवर्ण मोरोक्कोचा सुफियान एल बक्काली, ८:०८.९०. रौप्य इथिओपियाचा लमेचा गिर्मा, ८:१०.३८. कांस्य केनियाचा बेंजामिन किगेन, ८:११.४५. दुसऱ्या बाजूला साबळे, ८:०९.९१. कागद टेबलावर आपटून म्हणाले, “बोला. रौप्य झालं की नाही? गणित आहे हे, मत नाही.”

सुभेदारांना रौप्यही कमी वाटलं. “महार रेजिमेंटचा जवान आहे तो. सियाचीनला राहिलेला माणूस. पाचवीपासून बर्फात...” वगैरे. सियाचीनला तो बारावीनंतर सैन्यात गेल्यावर गेला, पाचवीत तो मांडव्याहून शाळेला सहा किलोमीटर पायी जात होता, एवढी दुरुस्ती मी केली. पण सुभेदार बोलायला लागले की दुरुस्तीला जागा राहत नाही.

मी कॅशिअरसाहेबांच्या कागदाच्या पाठीमागे आणखी तीन आकडे लिहिले. २०२२, अमेरिकेतलं ओरेगॉन, जागतिक स्पर्धेची फायनल. सुवर्ण ८:२५.१३. रौप्य ८:२६.०१. कांस्य ८:२७.९२. आणि विचारलं, “त्या वेळी साबळेची सर्वोत्तम वेळ किती होती?”

ते त्यांनाच माहीत होतं. त्याच वर्षी जूनमध्ये रबातला तो ८:१२.४८ धावला होता. म्हणजे त्यांच्या गणिताने तो सोनं जिंकणार, आणि तेही साडेबारा सेकंदांच्या फरकाने. आला अकरावा. वेळ ८:३१.७५.

“म्हणजे त्या दिवशी तो वाईट धावला,” कॅशिअरसाहेब म्हणाले.

इथेच आमचं अडतं आणि इथेच आपलं क्रीडापानही अडतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. त्या दिवशी सगळेच ‘वाईट’ धावले. जगज्जेता एल बक्कालीसुद्धा टोकियोपेक्षा सोळा सेकंद हळू धावला. कारण कोणी वेळेसाठी धावतच नव्हतं. मोठ्या स्पर्धेच्या फायनलमध्ये पहिल्या पाच फेऱ्या एकमेकांची तोंडं बघण्यात जातात. पुढे कोण जाणार? पुढे जाईल त्याने वारा खायचा, गती ठरवायची आणि बाकीच्यांनी त्याच्या पाठीला चिकटून दम वाचवायचा. मग घंटा होते आणि शेवटच्या चारशे मीटरमध्ये खरी शर्यत सुरू होते. तिथे ज्याच्याकडे उसळी आहे तो जिंकतो. आठ मिनिटं कोणाची किती सुंदर होती, हे तिथे कोणी विचारत नाही.

पॅरिसची ७ जुलैची शर्यत अगदी वेगळ्या जातीची. डायमंड लीगमध्ये सुरुवातीच्या फेऱ्यांसाठी पेसमेकर असतो, त्याचं कामच गती लावून देणं आणि बाजूला होणं. ट्रॅकच्या कडेला दिव्यांची माळ पळते, ठरलेल्या वेगाने. धावणाऱ्याने दिव्याबरोबर राहायचं. अशा शर्यतीत वेळा पडतात आणि त्या पडाव्यात म्हणूनच ती भरवलेली असते. ऑलिम्पिकमध्ये ना पेसमेकर, ना दिवे. त्या दिवशी इथिओपियाचा अब्रहम सिमे आणि केनियाचा आमोस सेरेम या दोघांचीही वेळ ८:०२.३६ पडली, सिमे फोटोवर जिंकला. तिसरा अब्राहम किबिवोट, ८:०६.७०. आपला साबळे सहावा. हे ‘सहावा’ आपल्या तीन ओळींत नव्हतं. आणि एल बक्काली नि गिर्मा त्या शर्यतीत नव्हतेच, हेही नव्हतं. सहाव्या क्रमांकावर राष्ट्रीय विक्रम होणं ही मोठीच गोष्ट आहे, त्यात कमीपणा कसला? मग लपवता कशाला?

(जाता जाता : त्याच संध्याकाळी, त्याच शार्लेती मैदानावर युक्रेनच्या यारोस्लावा महुचिखने २.१० मीटर उंच उडी मारून १९८७पासूनचा जागतिक विक्रम मोडला आणि केनियाच्या फेथ किपयेगॉनने १५०० मीटरचा. या दोघींना आपल्याकडे एक ओळही मिळाली नाही. जाहिरात मोठी होती, समजू शकतो.)

किबिवोट हे नाव आलं की कड्याचे व्याही उसळतात. २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याची वेळ ८:११.१५ आणि साबळेची ८:११.२०. पाच शतांश सेकंद. डोळ्याची पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. १९९४नंतर त्या स्पर्धेत या शर्यतीचं पदक केनियाबाहेर गेलंच नव्हतं, ते साबळेने नेलं. “तेव्हा पाच शतांशाने हरला, आता हिशेब चुकता करणार,” असं व्याह्यांचं म्हणणं. मी म्हटलं, ७ जुलैला तोच किबिवोट तीन सेकंद पुढे होता. तर म्हणाले, “सर, तुम्ही लई नकारघंटा वाजवता.”

मी नकारघंटा का वाजवतो, ते आजवर कट्ट्यावर सांगितलं नव्हतं. आपल्या वाचकांना सांगतो.

१९९१ साली माझ्या शाळेत एक पोरगा होता. काटक, काळासावळा, पायात रबरी चप्पल, धावताना तीही काढायचा. आमच्या मैदानात दोनशे मीटरचाच ट्रॅक बसायचा, चारशेची जागा नव्हती. फक्की मारायची ती मीच, पहाटे, दोन मुलांना हाताशी घेऊन. विभागीय स्पर्धेच्या आठ दिवस आधी मी त्याला १५०० मीटर पळवलं, साडेसात फेऱ्या. स्टॉपवॉचवर ४ मिनिटं १२ सेकंद! आदल्या वर्षीचा विभागातला विजेता ४:१५ला आला होता. माझा हात कापायला लागला. मी पळत जाऊन मुख्याध्यापकांना सांगितलं. मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेला सांगितलं. पोराच्या वडिलांनी गावात पेढे वाटले नाहीत एवढंच, पण ऑर्डर देऊन ठेवली होती.

त्याला मी एकच शिकवलं : “चार-बारा. डोक्यात फक्त चार-बारा ठेव. तुझ्यापुढे कोणी राहणारच नाही.” तो आज्ञाधारक. बंदूक उडाली तसा पुढे गेला. बाकीची पोरं त्याच्या मागे रांगेत, आगगाडीच्या डब्यांसारखी. दोन फेऱ्या, तीन फेऱ्या, तोच पुढे. समोरून वारा होता, तोही त्यानेच खाल्ला. शेवटचे दीडशे मीटर राहिले आणि मागचे तीन डबे एकदम सुटले. तो चौथा आला. शर्यत कितीत जिंकली गेली असेल? ४:२४. माझ्या चार-बाराच्या पोराला चार-चोवीसच्या शर्यतीत पदक मिळालं नाही.

पोरगा मला म्हणाला, “सर, मी तर पुढंच होतो.” त्यावर काय बोलावं, हे मला आजही सुचलेलं नाही.

पुढची गंमत ऐका. परत आल्यावर मला चैन पडेना. मी गावच्या गवंड्याकडून पोलादी टेप आणला आणि ट्रॅक पुन्हा मोजला. एका फेरीला साडेचार मीटर कमी! आम्ही मोजायला वापरायचो तो सुती दोर. त्यावर गाठी मारून खुणा केलेल्या. आदल्या रात्री पाऊस पडला, दोर व्हरांड्यात भिजला आणि सुती दोर भिजला की आखडतो, हे शेतकऱ्याच्या घरात जन्मूनही माझ्या लक्षात आलं नाही. साडेसात फेऱ्यांत चौतीस मीटर खाल्ले गेले होते. म्हणजे जवळपास सहा सेकंद. ते चार-बारा चार-बारा नव्हतंच, चार-अठराच्या आसपास होतं. आणि ते खरं असतं तरी काय मोठा फरक पडला असता? शर्यत चार-चोवीसला गेली, तिला चार-अठराचा पोरगाही पुरेसा होता. त्याला कोणीतरी फक्त सांगायला हवं होतं की बाबा, मागे राहा, बघ, आणि शेवटी सुट.

तेव्हापासून कोणी मला वेळ सांगितली की मी आधी विचारतो, मैदान कुठलं, पुढे कोण होतं, आणि दोर कोरडा होता का.

हेच तत्त्व घेऊन साबळेच्या वाटचालीकडे बघितलं तर काय दिसतं? वेळेच्या बाबतीत हा गडी थक्क करतो. गोपाल सैनींचा ८:३०.८८चा राष्ट्रीय विक्रम १९८१चा, म्हणजे साबळेच्या जन्माआधी तेरा वर्षांचा. तो त्याने २०१८ साली भुवनेश्वरला मोडला, ८:२९.८०. तिथून सहा वर्षांत वीस सेकंद खाली आला. (यावरही कट्ट्यावर एक सकाळ गेली : सुभेदारांच्या मते सैनींना आजचे कार्बनचे बूट मिळाले असते तर तेही ८:२०ला आले असते. असतील. आत्याबाईला मिशा असत्या तर, असं कॅशिअरसाहेब म्हणाले आणि विषय संपला.) पण शर्यतीच्या बाबतीत अजून चढ-उतार आहेत. टोकियोत तो हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, ८:१८.१२ धावला, तो तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम, पण आला सातवा आणि बाहेर. पुढची हीट जिंकायला एल बक्कालीला ८:१९ पुरले! जो वेगवान धावला तो घरी, जो हळू धावला तो सुवर्णपदकापर्यंत. गेल्या वर्षी बुडापेस्टला हीटमधून पहिले पाच पुढे जाणार होते, साबळे ८:२२.२४ वेळेत सातवा. आणि त्यानंतर दीड महिन्यात हांगझोला आशियाई स्पर्धेत तोच सुरुवातीपासून पुढे पळत सुटला, मागे वळूनही बघितलं नाही, ८:१९.५० आणि सुवर्ण. तिथे त्याच्या मागच्या रांगेत सुटू शकेल असा डबाच नव्हता. पॅरिसच्या ऑलिम्पिकला ती रांग भरलेली असेल.

म्हणजे प्रश्न साबळे किती वेगवान आहे हा नाही, शर्यत कशी होईल हा आहे. वेगवान झाली, कोणीतरी सुरुवातीपासून ओढली, तर आपल्याला बरं. हळू झाली आणि शेवटच्या फेरीवर गेली, तर अवघड. हे एवढं एक वाक्य आपल्या वार्ताहराने लिहिलं असतं, तर मला दोन आठवडे चहा गार करावा लागला नसता.

भालाफेकीतही हाच रोग आहे, फक्त सेकंदांऐवजी मीटर. नीरज चोप्रा नव्वद मीटर कधी टाकणार? स्टॉकहोमला ८९.९४, सहा सेंटिमीटर कमी पडले. आमच्या टपरीवाल्यालाही ते सहा सेंटिमीटर पाठ आहेत. गिऱ्हाइकाने कप पूर्ण भरला नाही म्हणून कुरकुर केली की म्हणतो, “नीरजचेबी सहाच कमी पडले होते.” पण टोकियोचं सुवर्ण कितीला आलं? ८७.५८. आणि त्या मोसमात ९६.२९ टाकून आलेला जर्मनीचा योहानेस फेटर? ८२.५२, नववा, पहिल्या आठात येऊन पुढचे तीन फेकसुद्धा मिळाले नाहीत. कॅशिअरसाहेबांचा कागद फेटरच्या गळ्यात सुवर्ण घालून मोकळा झाला असता.

असो. मुलीबद्दल लिहायचं राहिलं.

गेल्या गुरुवारी वाद असाच टिपेला पोहोचलेला असताना ती पहिल्यांदाच बोलली. “सर, पाण्याच्या उडीला त्याचा पाय कुठं पडतो, ते कोणी बघितलं का?”

सगळे गप्प. आम्ही पाच जणांनी मिळून निदान दोनशे आकडे पाठ केले होते, पण ती शर्यत नीट बघितली होती एकट्या तिने, मोबाइलवर, थांबवून थांबवून. मग तिने काडेपेटी, बशी आणि दोन खाऱ्या मांडून आम्हाला समजावून सांगितलं. हर्डल शर्यतीतला अडथळा पाय लागला की पडतो. स्टीपलचेसचा पडत नाही, तो घट्ट असतो, मुलांसाठी सुमारे तीन फूट उंच. त्याला गुडघा लागला तर अडथळा तिथेच राहतो, माणूस पडतो. पाण्याच्या अडथळ्यावर बहुतेक जण एक पाय ठेवून पलीकडे झेपावतात. पलीकडचा खड्डा अडथळ्याजवळ खोल आणि लांब जावं तसा उथळ होत जातो. जो लांब झेपावतो त्याचा पाय घोट्यापर्यंतच भिजतो, तो लगेच धावायला लागतो. जो थकून जवळ पडतो तो खोल पाण्यातून वर चढत येतो. प्रत्येक वेळी अर्धा सेकंद गेला तर सात वेळा किती? शेवटच्या फेरीत पाण्याच्या उडीनंतर दीडशे मीटरच्या आसपास उरतात आणि त्यातही एक अडथळा असतो. “तिथं पाय मोकळा पडला तरच माणूस सुटू शकतो, सर. बाकी सगळं टीव्हीवाले बोलत राहतात.”

ही पोरगी तिच्या गावी पाण्याच्या उडीचा सराव कसा करते, माहीत आहे? वाळूच्या खड्ड्यासमोर शाळेचा जुना बाक उभा करून. पाणी नाही. “पाणी स्पर्धेत भेटतं,” म्हणाली. तिचं दैवत साबळे नाही, ललिता बाबर. माण तालुक्यातल्या मोहीची. रिओ ऑलिम्पिकमध्ये ती हीटला ९:१९.७६ धावली, तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम, आणि फायनलला ९:२२.७४, दहावी. मी सहज म्हटलं, “बघ, फायनलला तीन सेकंद हळू.” तर माझ्याकडे अशी बघितली की मी तिची माफीच मागितली. “सर, ऑलिम्पिकची फायनल होती ती. पी. टी. उषानंतर बत्तीस वर्षांनी भारताची बाई ट्रॅकवर फायनलला उभी होती. तुम्ही सेकंद काय मोजता?”

बरोबर आहे. सेकंद मोजणं हा माझाही जुनाच आजार आहे.

तर आता स्पर्धा तोंडावर आहे आणि आपण विशेष पुरवणी काढणार, अशी जाहिरात वाचली. त्यात ‘महाराष्ट्राचे शिलेदार’ असं सदरही असेलच. साबळेबरोबर निफाडच्या देवरगावचा उंच उडीतला सर्वेश कुशारेही जातो आहे, त्याला विसरू नका. कृपा करून आणखी काही गोष्टी टाळा. मांडव्याला जाऊन त्याच्या आई-वडिलांना ‘कसं वाटतंय’ विचारू नका. त्यांनी वीटभट्टीवर काम करून पोराला वाढवलं, हे आता महाराष्ट्राला पाठ झालं आहे, ते दरवेळी त्यांच्याच तोंडून वदवून घेण्यात काय हशील? त्यापेक्षा त्या जागेत शर्यत समजावून सांगा. अडथळे किती, पाण्याचा खड्डा कसा असतो, हीटमधून किती जण पुढे जातात. तीन हीट आहेत, प्रत्येकीतले पहिले पाच फायनलला. वेळ कितीही चांगली असो, सहाव्याला जागा नाही. बुडापेस्टला हाच नियम होता आणि तिथे आपण अडकलो, म्हणून माझ्या दृष्टीने खरी परीक्षा फायनलची नाहीच, हीटची आहे. हीटला तो पहिल्या पाचात आला की मी पेढे वाटणार आहे. पदकाचे नव्हे, पाचातले.

आमच्या कट्ट्यावर पैजा लागल्या आहेत, त्याही कळवतो. पैसे लावत नाही, हरणाऱ्याने ऑगस्टभर खारीचे पैसे द्यायचे एवढंच. सुभेदार : सुवर्ण. कॅशिअरसाहेब : रौप्य, आणि कागदावर सही करून. कड्याचे व्याही : किबिवोटच्या पुढे, मग क्रमांक कुठलाही का असेना. मुलगी म्हणाली, “मी पैज नाही लावत, मी बघणार.” मी : एल बक्काली आणि गिर्मा यांची दोन पदकं आधीच बाजूला काढून ठेवा, त्यात वाद नाही. साबळे फायनल गाठेल आणि सहा ते आठमध्ये येईल. सुभेदारांनी याला देशद्रोह म्हटलं. तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत जगात सहावा येणं हा देशद्रोह असेल, तर असे चार-दोन देशद्रोही आपल्या प्रत्येक तालुक्यात निपजोत.

हीट ५ ऑगस्टला, आपल्याकडे रात्री साडेदहाच्या सुमारास. फायनल तिकडे ७ तारखेच्या रात्री, म्हणजे इथे ८ उजाडून एक वाजून गेलेला असेल. टपरीवाल्याने शटर अर्धं खाली ओढून टीव्ही चालू ठेवायचं कबूल केलं आहे. दोन्ही वेळा आपलं शहर आवृत्तीचं पान बहुधा सुटून गेलेलं असेल, हेही मला कळतं. उशीर झाला तरी चालेल, आम्हाला निकाल तसाही माहीत झालेला असेल. पण दुसऱ्या दिवशी छापाल तेव्हा कोपऱ्यात का होईना, पहिल्या पाचांची नावं, त्यांचे देश, त्यांच्या वेळा आणि जमल्यास हजार नि दोन हजार मीटरला कोण कुठे होतं, एवढं छापा. मला ते कात्रण ८ जुलैच्या कात्रणाशेजारी चिकटवायचं आहे. आणि मिनिटं मिनिटांच्या जागी, सेकंद सेकंदांच्या जागी असू द्या.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
अहमदनगर, २० जुलै २०२४

ता. क. : तो १९९१चा पोरगा आता गावाकडे द्राक्षबाग करतो. गेल्या महिन्यात भेटला, मुलाला शाळेच्या संघात घेतल्याचं सांगत होता. मी विचारलं, कशात? म्हणाला, पंधराशे. मी वेळ विचारली नाही.